सात क्विंटल कापसाचा डबा

लाइन गेली, मग दोन-अडीच तासांनी इन्व्हर्टरही बसला, की अंधारात माझ्या खोलीतून यूपीएसचं पीं पीं सुरू होते आणि ओसरीतून बाबांचा आवाज येते, "झालं, त्याचं लेकरू रडाले लागलं." हे लेकरू म्हणजे माझा नॅस, नेटवर्कवरच्या डिस्कांचा डबा. तो घ्यायला मला सहा महिने लागले आणि त्यातले पाच महिने मी फालतू गोष्टी वाचत होतो, किती बे म्हणजे डिस्कांचे खण आहेत, किती एमबी पर सेकंद, प्रोसेसर कोणता, कारण नेटवर जेवढं लिहिलेलं सापडते ते सगळं ज्यांच्या घरची लाइट जात नाही त्यांनी लिहिलेलं. म्हणून म्हटलं आपणच लिहून ठेवू.

आधी घरचं सांगतो. गाव हिंगणघाट तालुक्यात, हायवेपासून बरंच आत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून दोन बॅगा घेऊन आलो तो इथेच राहिलो, नोकरी सर्व्हर सांभाळायची आहे ती कुठूनही होते, फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलेलं होतं आणि पुढे केबलवाल्याने खांबाखांबाने घरापर्यंत ओढून दिलं. मग हात रिकामे राहत नाहीत ना, तर कामाचा सराव म्हणून घरातच क्लस्टर, म्हणजे मिळून काम करणाऱ्या मशीनचा गट, उभा केला. तीन सेकंडहँड मिनी पीसी, ऑफिसातून निघालेले, टिफिनच्या डब्याएवढे, नागपूरच्या सीताबर्डीतून आणले, वर लिनक्स आणि कामं मशीनवर वाटून देणारं के-थ्रीएस. त्याच्यावर घरचे फोटो, घरातली उपकरणं सांभाळणारं होम असिस्टंट, गोठ्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, विहिरीवरची मोटर किती वेळ चालली त्याचा हिशोब, आणि कामावर करायच्या आधी घरी करून पाहायचे प्रयोग.

क्लस्टरची गंमत अशी की एक मशीन मेलं तर त्याच्यावरचं काम उठून दुसऱ्यावर जाते. एक दिवस खरंच एक मशीन मेलं, फोटोंचं ॲप उठून दुसऱ्यावर गेलंही, आणि तिथे एकदम कोरं उघडलं, एक फोटो नाही. कारण डेटा पहिल्या मशीनच्या आतल्या डिस्कवर, एसएसडीवर. बिऱ्हाड हललं, सामान जुन्याच घरी. तेव्हा कळलं की तिघांनाही सारखाच दिसेल असा एक साठा वेगळा पाहिजे.

पहिला प्रयोग फुकटात करायचा होता. घरी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कम्प्युटर पडलेला होता, त्याला दोन पोर्टेबल डिस्क लावल्या, ओपनमीडियाव्हॉल्ट हे नॅसचं सॉफ्टवेअर टाकलं आणि खुश झालो. पाय ४ ला गिगाबिट नेटवर्क आहे, यूएसबी ३ आहे, वाचायला सगळं छान. पण त्याच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून करंट मिळते १.२ अँपिअर, आणि फिरणारी डिस्क सुरू होताना एकटीच त्यातला मोठा घास घेते. दोन्ही सोबत फिरायला लागल्या की एक गायब. मी कागद न वाचता लावल्या ही माझी चूक, पावर असलेला हब लावला असता तर चाललं असतं, पण मग आणखी एक ॲडॅप्टर, आणखी एक लोंबती वायर, आणि आमच्याकडे लोंबत्या वायरीवर उंदराचा पहिला हक्क असते.

दुसरा प्रयोग जुना डेस्कटॉप आणि ट्रूनॅस, हेही नॅसचंच सॉफ्टवेअर. हे मला मनापासून आवडलं होतं, सांगतो काऊन, त्यातलं झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्सवाल्यांनी बनवलेली फाइल सिस्टिम आहे, लिहिलेल्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे तपासणीचा आकडा, वेगळा ठेवते, वाचताना ताडून पाहते, जुळलं नाही तर आरशातल्या, म्हणजे तेच सगळं ठेवणाऱ्या दुसऱ्या डिस्कवरून बरोबर प्रत आणून दुरुस्त करते. आणि जुन्या जागेवर कधीच लिहीत नाही, नवीन जागी लिहून मग पत्ता बदलते, म्हणजे मधेच लाइट गेली तर जुनं तरी साबूत राहते. आमच्या गावासाठीच बनवल्यासारखं. पण डेस्कटॉप बसल्या बसल्या सत्तर वॅट खात होता. सत्तर वॅट चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला ५० युनिट. घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर वेगळा आणि त्याच्यापुढचा चढा, आम्ही कसेबसे शंभराच्या आत बसत होतो, या पन्नासने घर दुसऱ्या पायरीवर गेलं. बिल बाबांनी पाहिलं. बोलले काहीच नाही, फक्त बिल माझ्या कीबोर्डवर आणून ठेवलं.

तिसरं म्हणजे वेगळा डबा घ्यायचाच नाही, तिन्ही मशीनच्या एसएसडीवरच वाटून ठेवायचं, लाँगहॉर्न नावाचं सॉफ्टवेअर करते ते. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती तीन मशीनवर. शहरात, ऑफिसात, झकास. इथे तिन्ही मशीन एकाच बोर्डावर, एकाच फ्यूजच्या मागे. लाइट गेली की तिघं एकाच सेकंदाला मरणार, आली की तिघं एकमेकाला विचारत बसणार की खरी प्रत कोणाची, आणि तेवढा वेळ सगळं त्याच एका गिगाबिटच्या वायरीवरून इकडून तिकडे. सेफ (Ceph) नावाच्या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचा विचार तर मी केलाच नाही, त्याला दहा गिगाबिट नेटवर्क आवडते, आमच्याकडे स्विचच आठ पोर्टचा साधा.

असा फिरून फिरून मी तयार डब्यावर आलो, दोन डिस्कांचा.

आणि इथे माझं डोकं जरा उलटं चाललं. स्पीडचा हिशोब मी दोन मिनिटांत संपवला. गिगाबिट म्हणजे कागदावर १२५ एमबी पर सेकंद, हातात ११० च्या आसपास, आणि एक साधी फिरणारी डिस्कसुद्धा लांब फाइल वाचताना तेवढं देते, म्हणजे अडीच गिगाबिट पोर्टवाला महाग डबा घेऊन मी त्याला जोडणार कशाला. प्रोसेसर बरा पाहिजे, रॅम वाढवता आली तर उत्तम. बस. खरा हिशोब होता विजेचा, तापमानाचा आणि कापसाचा.

वीज आधी. दोन डिस्कांचे बहुतेक घरगुती डबे बाहेरच्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालतात, डिस्क फिरताना वीसएक वॅट. तीन मिनी पीसी रिकामे बसले तर पस्तीस, स्विच आणि फायबरचा डबा मिळून पंधरा. एकूण सत्तर. आमचा इन्व्हर्टर १५० एएच च्या एका बॅटरीवर आहे, १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, पण बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे धरा ९००. इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं धरून माझा पसारा एकटा असता तर दहा तास चालला असता. पण मे महिन्यात रात्री तीन पंखे असतात, जुने, पंच्याहत्तर वॅटचे. ते लावले की दहा तासाचे अडीच तास होतात. बाबांना मी हे गणित पाटीवर लिहून दाखवलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तू मले असं सांगून रायला का पंखे बंद करू?" विषय संपला.

एक मोह झाला होता, की डब्याला १२ व्होल्टच लागतात आणि बॅटरीही १२ व्होल्टची, मग सरळ बॅटरीवरून वायर काढू. करू नका. चार्जिंगच्या वेळेस बॅटरी १४ च्या वर जाते आणि उतरताना १२ च्या खाली येते, मध्ये बरा डीसी कन्व्हर्टर असल्याशिवाय ते डब्याला देणं म्हणजे जुगार.

आता इन्व्हर्टर असताना यूपीएस कशाला, हा प्रश्न मला गावात तिघांनी विचारला. इन्व्हर्टरच्या मागे एक बारकी कळ असते, यूपीएस आणि इको, ती यूपीएसवर ठेवली तर लाइन गेल्यावर बदल इतक्या लवकर होते की कम्प्युटर बंद पडत नाही, इथपर्यंत ठीक. पण इन्व्हर्टर मुका असते. बॅटरी संपत आली हे तो कोणाला सांगत नाही, बसला म्हणजे बसला. यूपीएसला यूएसबीची वायर असेल तर तो डब्याला सांगतो की आता मी बॅटरीवर आलो, आवर. तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या स्वस्त यूपीएसला ते पोर्टच नसते, फक्त मागे तीन सॉकेट. मी खास पोर्टवाला शोधून आणला. आणि हो, इन्व्हर्टर साइन वेववाला, म्हणजे लाइनसारखीच वीज देणारा पाहिजे, चौकोनी वेववाल्यामागे यूपीएस लावला तर तो त्या लाइनला लाइनच मानत नाही, खटखट करत स्वतःच्या बॅटरीवर जाऊन बसते.

माझ्यासाठी डबा निवडायचं सगळ्यात मोठं कारण हेच ठरलं: त्याला यूपीएसचा निरोप घेता आला पाहिजे, तो निरोप नेटवर्कवरून बाकीच्या तीन मशीनला पोचवता आला पाहिजे आणि लाइट आल्यावर कोणी बटन न दाबता आपोआप उठता आलं पाहिजे. मी कामासाठी पुण्याला गेलो तर बटन दाबायला घरी माय आणि बाबा. मायला मी एकदा फोनवर सांगितलं होतं की निळा लाइट असलेलं बटन दाब, तिने फ्रीजच्या स्टॅबिलायझरचं दाबलं.

तर आता असं लावलं आहे. इन्व्हर्टर बसला, यूपीएस बॅटरीवर आला, दोन मिनिटांनी तिन्ही मिनी पीसी बंद होतात, आणखी चार मिनिटांनी डबा. क्रम महत्त्वाचा, कारण एनएफएस, म्हणजे डब्यातल्या फाइली नेटवर्कवरून बाकीच्या मशीनला वापरू द्यायची पद्धत. ही पद्धत १९८४ पासूनची आहे, तीही सनवाल्यांचीच, आणि तिचा स्वभाव जुन्या माणसासारखा, समोरच्याने ऐकलं नाही तर तो ऐकेपर्यंत दारात उभीच. डबा आधी गेला तर मिनी पीसीवरची कामं त्याची वाट पाहत अडकतात, मारली तरी सहज मरत नाहीत, शटडाऊनही अडकते. माउंट करताना, म्हणजे साठा मशीनला जोडताना, 'सॉफ्ट' लिहिलं तर वाट पाहणं सोडते, पण मग अर्धवट लिहून एरर देते आणि डेटा खराब व्हायची भीती, म्हणून 'हार्ड'च ठेवलं आणि क्रम सांभाळला.

उठतानाची भानगड उलटी. मिनी पीसी अर्ध्या मिनिटात उठतात, डब्याला तीन-चार मिनिटं लागतात. सुरुवातीला प्रत्येक वेळेस लाइट आली की ॲप उघडायचं, साठा सापडायचा नाही, आपटून पडायचं, परत उघडायचं. आता एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणता साठा कुठे जोडायचा त्या यादीत, ऑटोमाउंट लावलं आहे, म्हणजे कोणी हात लावेल तेव्हाच जोडायला जाते, आणि नोफेल, म्हणजे नाही सापडलं तरी मशीन उठायचं थांबत नाही.

आणखी एक सेटिंग, डब्यातला साठा एक्सपोर्ट करताना, म्हणजे बाकीच्यांना उघडून देताना, 'सिंक' का 'असिंक'. असिंकने लिहिणं भुर्रकन होते, कारण डबा डिस्कवर उतरवायच्या आधीच सांगून टाकते की झालं. उधारीवर पावती. तेवढ्यात लाइट गेली तर पावती तुमच्याकडे आणि माल कुठेच नाही. आमच्याकडे सिंक.

डेटाबेस मात्र डब्यावर ठेवत नाही. होम असिस्टंटचा एसक्यूलाइट डेटाबेस मी हौसेने एनएफएसवर नेला आणि चार दिवसांत 'लॉक्ड' म्हणून रडायला लागला. एसक्यूलाइट बनवणारे स्वतःच सांगतात की नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिममध्ये लॉकिंगचा भरवसा नाही, पण कागद न वाचायची आपली परंपरा. आता डेटाबेस त्या त्या मशीनच्या एसएसडीवर, आणि रोज रात्री त्याची प्रत डब्यात. मशीन मेलं तर डेटाबेस कालच्या प्रतीवरून उभा करतो, घरच्या कामाला तेवढं चालते.

आता डिस्क. मापात पाप इथूनच सुरू होते, ४ टीबीची डिस्क लावली की स्क्रीनवर ३.६३. चोरी नाही, कंपनी हजाराने मोजते आणि कम्प्युटर १०२४ ने. दोन डिस्क घेतल्या तर आठ होत नाहीत तेही सांगतो, कारण मी आरसा केला, रेड १, दोन्हीवर तेच. (आमच्याकडे रेड म्हणजे दारूच्या भट्टीवर पोलिसांची पडते ती, आणि डिस्कच्या दुकानात रेड म्हणजे लाल लेबलवाली, त्यामुळे दुकानात तीन वेगळे रेड एकाच वाक्यात आले आणि दुकानदार आणि मी दोघंही थकलो.)

लाल लेबलवरून आठवलं. डिस्क घेताना सीएमआर आहे का एसएमआर हे पाहाच. सीएमआरमध्ये डेटाच्या ओळी शेजारी-शेजारी, एसएमआर म्हणजे आपल्या घरावरची कवेलं. एका ओळीवर दुसरी ओळ चढवलेली, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावते, पण माकडाने मधलं एक कवेलू फोडलं तर ते बदलायला वरची ओळ उचलावी लागते. या डिस्कवरही मधलं थोडं बदलायचं तर शेजारचं सगळं परत लिहावं लागते, आणि आरशातली एक डिस्क मेल्यावर नवीन भरायची वेळ आली की दिवसच्या दिवस जातात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेडमधल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या होत्या, खोक्यावर लिहिलेलं नव्हतं, बोभाटा झाल्यावर कंपनीने यादी काढली आणि पुढे सीएमआरवाल्यांना रेड प्लस म्हणायला लागले.

साध्या डेस्कटॉपच्या डिस्क का नाही, तर त्या जिद्दी असतात. एक जागा खराब लागली की वाचायचा प्रयत्न करत बसतात, तेवढ्यात डबा समजते की ही मेली आणि तिला आरशातून काढून टाकते. नॅसच्या डिस्क सातएक सेकंदांत हात वर करतात, डबा दुसरीवरून वाचून घेते.

पण त्या मिळतात कुठे? नागपूरला. हिंगणघाटला सीसीटीव्हीच्या दुकानात डिस्क असतेच, पण कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेली, पर्पल किंवा स्कायहॉक, त्या सतत लिहिण्यासाठीच्या. मी त्या घेतल्या नाहीत, पण अडीअडचणीला एक डिस्क मेली आणि नागपूरला जाणं होत नसेल तर ती लावून आरसा पुरा करेन, एकट्या डिस्कवर आठवडा काढण्यापेक्षा बरं. आणि म्हणूनच कोणत्याही कंपनीची डिस्क चालणारा डबा पाहिजे होता. असे डबे बनवणाऱ्या सिनॉलॉजी कंपनीने २०२५ च्या त्यांच्या प्लस मॉडेलमध्ये स्वतःच्याच यादीतल्या डिस्कची अट टाकली होती, लोकांनी आरडाओरडा केल्यावर ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ या त्यांच्या नव्या सॉफ्टवेअरने ती सैल केली. शहरातल्या माणसाला हा तत्त्वाचा प्रश्न, मला तर बसच्या टाइमटेबलचा. दोन्ही डिस्क मुद्दाम दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या, एकाच लॉटच्या असल्या तर सोबतच आजारी पडायच्या. सीरियल नंबर दुकानात उभं राहूनच कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी पाहिली, दुकानदाराने तोंड वाकडं केलं, करू दे.

तापमान. सिनॉलॉजी काय, क्यूनॅप काय, घरगुती डब्यांच्या कागदावर चालवायचं तापमान ० ते ४० डिग्री लिहिलेलं असते. मे मध्ये वर्धा, नागपूर, चंद्रपूर ४५ च्या वर जाते, आणि माझी खोली स्लॅबची, दुपारी तीनला तंदूर. पहिल्या उन्हाळ्यात डिस्क ५४ दाखवत होती, डिस्कांची स्वतःची हद्द साठ-पासष्टच्या आसपास, म्हणजे मेली नसती पण माझाच जीव वर-खाली. कूलरसमोर ठेवून पाहिला, पाच डिग्री उतरली, पण कूलरची हवा ओली, त्यात आमच्या बोअरचं पाणी खारं, जाळीवर पांढरा थर चढतो तो मला सर्किटवर नको होता. शेवटी डबा जुन्या घराच्या मधल्या खोलीत नेला, मातीच्या दीड हात जाड भिंती, वर धाबं, बाहेर ४५ असताना आत ३४-३५. आजोबांनी ज्वारीसाठी बांधलेली खोली आहे ती.

आणि तिथेच दिवाळीनंतर कापूस आला. भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवतात सगळे, आमचाही छताला लागला. मधल्या खोलीत डबा, तिन्ही बाजूंनी पांढरं, आणि डब्याचा पंखा ती बारीक तूस ओढतोय. आठ दिवसांत मागची जाळी पांढऱ्या गोधडीसारखी. वरून कापसाच्या गंजीत चोवीस तास वीज चालू ठेवणं हे बरोबर नाही हे मलाही कळत होतं. बाबांना म्हटलं कापूस हलवू. ते म्हणाले, "डबा हालव. कापूस पयले आला या घरात." बरोबर आहे त्यांचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डबा माझ्या खोलीत, मार्च ते जून मधल्या खोलीत, मधे एकदा जाळी काढून ब्रश मारायचा. आमचा डबा हंगामी स्थलांतर करते.

किमतीचं राहिलंच. डबा, दोन डिस्क आणि यूपीएस मिळून बावन हजाराच्या आसपास गेलं. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता, बाबांनी तोंडी भागाकार केला, "सात क्विंटल." तेव्हापासून नातेवाइकांना ओळख करून देताना तेच, हा पाहा सात क्विंटलचा डबा. आरशावालं रेड (RAID) हे नाव १९८८ च्या बर्कलीच्या एका पेपरमुळे पसरलं, आणि त्यातला आय तेव्हा 'इनएक्सपेन्सिव्ह', म्हणजे स्वस्तचा होता, हे मी बाबांना सांगितलेलं नाही.

बॅकअप वेगळा आहे, आरसा म्हणजे बॅकअप नाही, तुम्ही चुकून फोटो उडवला तर आरशातलाही त्याच क्षणी उडते. नेटवरून वर चढवणं मला जमत नाही, लाइन मधेच जाते. म्हणून दोन पोर्टेबल डिस्क आहेत, एन्क्रिप्ट केलेल्या, एक इथे, एक नागपूरला ताईकडे. राखीला एक नेतो आणि तिथली आणतो, भाऊबीजेला परत अदलाबदल, मधे एखादं लग्न निघालं तर आणखी एकदा. बाहेरून डबा उघडायचा तर व्हीपीएनने, म्हणजे कुलूप लावलेल्या खाजगी वाटेने, राउटरमध्ये पोर्ट उघडून कधीच नाही, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीवाल्या व्हायरसने इंटरनेटवर उघडे असलेले हजारो क्यूनॅप कुलूपबंद केले होते. तसंही आमच्या कनेक्शनला सीजीनॅट आहे, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता बऱ्याच घरांत वाटलेला, पोर्ट उघडायचं म्हटलं तरी उघडत नाही, गरिबीचा एक फायदा.

एकच काम बाकी आहे. गोठ्यातल्या कॅमेऱ्याची तांब्याची लॅन वायर साठेक मीटर अंगणातून जाते, आणि गेल्या जूनमध्ये मागच्या बाभळीजवळ वीज पडली तेव्हा कॅमेरा आणि स्विचचे दोन पोर्ट जळाले. डबा तिसऱ्या पोर्टवर होता म्हणून वाचला. तिथे आता फायबर आणि दोन्ही टोकांना तांब्याची वायर फायबरला जोडणारे मीडिया कन्व्हर्टर टाकायचे आहेत, काचेतून वीज येत नाही. तोपर्यंत आभाळ आलं की मी धावत जाऊन ती वायर उपटतो. केबलवाल्याला दोनदा सांगून झालं, सोयाबीन निघालं की येतो म्हणाला.